कार्डं लावण्याचे उपक्रम: वर्गीकरण आणि क्रमवारी, तयारीपासून तपासणीपर्यंत

पाच मिनिटांत सगळ्या गटांची सगळी कार्डं बरोबर लागली, तर उपक्रम फसला असं समजायला हरकत नाही. मुलांना जे आधीच येत होतं, तेच त्यांनी हाताने हलवून दाखवलं, एवढंच झालं. या उपक्रमाचा खरा उपयोग हात थांबतो तिथे सुरू होतो. एक मूल कार्ड डावीकडे सरकवतं, दुसरं म्हणतं, ‘थांब, ते तिकडे कसं?’, आणि मग दोघांनाही कारण द्यावं लागतं. वहीत लिहिलेलं उत्तर खोडायला मुलं कचरतात. कार्ड उचलून दुसरीकडे ठेवायला मात्र काहीच लागत नाही, त्यामुळे मत बदलून पाहण्याची भीती उरत नाही.

म्हणून इथे सर्वात जास्त जागा कार्डांच्या निवडीला दिली आहे. कात्री, पाकिटं, गट हे सगळं त्याच्या मागून येतं.

आधी ठरवा: नेमकं काय करायचंय

वर्गीकरणात मुलं वस्तूंचे गट पाडतात. गटांची नावं शिक्षकाने दिली असतील तर ते बंद वर्गीकरण, मुलांनी स्वतः शोधायची असतील तर मुक्त वर्गीकरण. क्रमवारीत मुलं वस्तू एका ओळीत लावतात: लहान ते मोठं, आधी ते नंतर, कमी महत्त्वाचं ते जास्त महत्त्वाचं.

‘याला काय म्हणायचं?’ असा पाठाचा प्रश्न असेल तर वर्गीकरण घ्या. ‘किती?’, ‘कधी?’ किंवा ‘कशानंतर काय?’ असा असेल तर क्रमवारी घ्या. हे उघड वाटतं, तरी गल्लत होतेच. जलचक्राचे टप्पे सरळ ओळीत लावायला सांगितले की मुलं ‘पहिला कोणता?’ यावर अडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं, कारण चक्राला पहिला टप्पा नसतो. अशी कार्डं वर्तुळात लावायची आणि मध्ये बाणांची कार्डं द्यायची. बेडकाच्या जीवनचक्राचंही तसंच.

अडवणारी कार्डं कशी निवडायची

१२ कार्डांचा संच असेल तर साधारण ५ सोपी, ४ मध्यम आणि ३ अडवणारी ठेवा. सोप्या कार्डांमुळे प्रत्येकाला सुरुवात करता येते आणि गटाला आपला नियम सापडतो. मध्यम कार्डांवर तो नियम तपासला जातो. अडवणारी कार्डं अर्धवट समजुतीने लावता येत नाहीत, आणि तास खरं तर त्यांच्यासाठीच असतो.

एक संच नीट उघडून पाहू. विषय: भौतिक बदल आणि रासायनिक बदल.

सोपी कार्डं: बर्फ वितळणे, कागद फाडणे, कागद जळणे, लोखंड गंजणे, दूध नासणे.
मध्यम: काच फुटणे, पाणी उकळणे, फळ पिकणे, तांब्याच्या भांड्यावर हिरवट थर येणे.
अडवणारी: विजेच्या दिव्यातली तार तापून प्रकाश देणे, सिमेंट घट्ट होणे, मेणबत्ती जळणे.

ही कार्डं अशीच सुचलेली नाहीत. प्रत्येकाच्या मागे मुलांची एकेक ठरावीक समजूत आहे. ‘परत पहिल्यासारखं करता आलं तर भौतिक’ हा नियम बऱ्याच मुलांच्या डोक्यात असतो. बर्फावर तो चालतो, फुटलेल्या काचेवर मोडतो: काच परत जोडता येत नाही, पण तुकडेही काचच असतात, नवा पदार्थ तयार होत नाही. ‘बुडबुडे आले म्हणजे रासायनिक’ ही समजूत उकळत्या पाण्यापाशी अडते, कारण त्या बुडबुड्यांत पाण्याचीच वाफ असते. ‘प्रकाश आणि उष्णता आली म्हणजे काहीतरी जळतंय’ ही समजूत दिव्यातल्या तारेपाशी. सिमेंट ‘सुकतं’ असं बहुतेक मुलं म्हणतात. प्रत्यक्षात सिमेंटची पाण्याशी रासायनिक अभिक्रिया होऊन ते घट्ट होतं, म्हणून तर ते पाण्याखालीही घट्ट होऊ शकतं. मेणबत्ती दोन्हीकडे जाते: मेण वितळणं भौतिक, मेणाची वाफ जळणं रासायनिक.

संच करताना हाच क्रम धरा. आधी कागदावर मुलांच्या तीन-चार चुकीच्या किंवा अर्ध्या समजुती लिहा, मग त्या प्रत्येकीला मोडणारं एकेक कार्ड शोधा. पाठ्यपुस्तकातली उदाहरणं उचलून केलेला संच बहुधा सोप्या कार्डांचाच होतो, कारण पुस्तकातली उदाहरणं नियम स्पष्ट करण्यासाठी निवडलेली असतात, तो तपासण्यासाठी नाही. प्राण्यांच्या वर्गीकरणात वटवाघूळ आणि देवमासा आता जवळजवळ सगळ्या मुलांना पाठ असतात. त्याऐवजी सॅलॅमँडर घ्या: दिसतो पालीसारखा, पण आहे उभयचर. समुद्रघोडाही चांगला, तो मासा आहे हे कित्येकांना पटत नाही.

आणखी तीन गोष्टी संच लिहितानाच बघून घ्या.

गटांत कार्डांची संख्या सारखी ठेवू नका. दोन्हीकडे ६-६ कार्डं असतील तर शेवटची तीन-चार कार्डं मुलं मोजून लावतात, विचार करून नाही. वरच्या संचात ५, ६ आणि दोन्हीकडे जाणारं १ अशी विभागणी आहे.

कार्डावर निर्णय घेण्याइतकी माहिती हवी. व्याकरणाच्या तासाला नुसता ‘पुढे’ हा शब्द लिहिलेलं कार्ड कुठेच ठेवता येत नाही. ‘तो पुढे गेला’ यात ते क्रियाविशेषण आहे आणि ‘घरापुढे झाड आहे’ यात शब्दयोगी अव्यय. म्हणून कार्डावर पूर्ण वाक्य लिहा आणि शब्दाखाली रेघ ओढा. असे जोडीजोडीने केलेले संच उत्तम चालतात.

कार्डाच्या दिसण्यातून उत्तर फुटू देऊ नका. एका गटाची कार्डं लांब वाक्यांची आणि दुसऱ्याची तुटक शब्दांची झाली, किंवा एका गटाच्या कार्डांवरच चित्रं असली, तर मुलं त्यावरून लावतात. मुलं यात फार तरबेज असतात.

कार्डं बनवणं

ए-४ कागद तीन वेळा अर्धा दुमडला की ८ भाग होतात, प्रत्येक साधारण ७.४ × १०.५ सेंटिमीटरचा. चार वेळा दुमडला की १६ भाग, प्रत्येक साधारण ५.२ × ७.४ सेंटिमीटरचा. एक-दोन शब्द किंवा संख्या असतील तर १६ भाग पुरतात. वाक्य किंवा चित्र असेल तर ८ भागच करा. तिघांना एकाच वेळी वाचता यायला अक्षर १८ पॉइंटपेक्षा लहान नको, आणि दृष्टी कमी असलेलं मूल गटात असेल तर त्याहून मोठं.

साधा कागद चालतो, पण पंख्याखाली उडतो आणि मागचं अक्षर पुढे दिसतं. जाड कार्डशीट परवडत असेल तर तेच घ्या. नसेल तर साध्या कागदावर छापून जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर चिकटवा.

प्रत्येक संचाला कोपऱ्यात वेगळी खूण करा: एका संचाला गोल, दुसऱ्याला त्रिकोण, तिसऱ्याला चौकोन. जमिनीवर एक कार्ड सापडलं की ते कोणत्या पाकिटातलं हे लगेच कळतं. कार्डांना अनुक्रमांक द्यायचे असतील तर आधी कार्डं पिसा आणि मग द्या. क्रमवारीच्या कार्डांवर छपाईच्या क्रमानेच १, २, ३ पडलेलं आढळतं, आणि मग सगळा उपक्रमच संपतो. याचाच एक चोरटा प्रकार कात्रीने होतो: परिच्छेदाची वाक्यं जशीच्या तशी छापून वाकडीतिकडी कापली, तर मुलं वाचण्याऐवजी कडा जुळवून क्रम लावतात. वाक्यं छापण्याआधीच उलटसुलट करा, आणि कापताना पट्टी ठेवा.

रंगांनी गट दाखवत असाल तर लाल-हिरवी जोडी टाळा. काही मुलांना त्यातला फरक दिसत नाही, आणि बरेचदा ती ते सांगतही नाहीत.

छपाईची सोय नसेल तर संच फळ्यावर लिहा आणि प्रत्येक जोडीला वहीचा एक कागद दुमडून, फाडून स्वतःची कार्डं लिहायला सांगा. यात ६-७ मिनिटं जातात, पण लिहिताना प्रत्येक कार्ड एकदा वाचलं जातं, हा फायदाच. फळ्यावरची यादी पाहून वहीत तक्ता भरणं हा मात्र पर्याय नाही. हलवता येणारं कार्ड गेलं की उपक्रमाचा जीवच जातो.

४० मिनिटांचा तास असा चालवा

१. गट तिघांचा करा. चौघांत एकजण हळूहळू प्रेक्षक होतो, पाचांत दोघं होतात. संख्या जुळत नसेल तर एखादी जोडी चालेल.

२. काम आधी समजावा, पाकिटं नंतर वाटा. पाकीट हातात पडलं की सूचना कानावर पडत नाहीत. फळ्यावर एक कार्ड चिकटवून, मोठ्याने कारण सांगत ते लावून दाखवा. (३ मिनिटं)

३. कार्डं पालथी वाटा, १२ कार्डं असतील तर प्रत्येकाला ४. आपापली कार्डं प्रत्येकाने आधी गप्प राहून वाचायची. (२ मिनिटं) ही शांत दोन मिनिटं गाळू नका. त्यांच्याशिवाय गटातलं सर्वात चपळ मूल सगळी कार्डं गोळा करतं आणि बाकीचे माना डोलावतात.

४. मग आळीपाळीने एकेक कार्ड ठेवायचं. ठेवणाऱ्याने ‘हे इथे, कारण...’ असं पूर्ण वाक्य म्हणायचं. दुसऱ्याचं कार्ड हलवायचं असेल तर आधी विचारायचं, मग हलवायचं. (१० ते १२ मिनिटं)

५. ‘नक्की नाही’ म्हणून एक जागा ठेवा, पण तिथे जास्तीत जास्त २ कार्डं. मर्यादा नसली की सगळी अवघड कार्डं तिथे जाऊन बसतात.

६. प्रत्येक गटातला एकजण आपल्या मांडणीपाशी थांबतो, बाकीचे दोघं शेजारच्या गटाची मांडणी पाहायला जातात. पाहुण्यांनी हात लावायचा नाही, फक्त विचारायचं. परत आल्यावर हवी ती कार्डं हलवायची मुभा. (५ मिनिटं)

७. सगळ्या वर्गाची चर्चा फक्त अडवणाऱ्या तीन कार्डांवर. (१० मिनिटं) बाराही कार्डांची उत्तरं क्रमाने वाचून दाखवायचा मोह आवरा. त्यात वेळ संपतो आणि सोप्या कार्डांवर कुणी ऐकतही नाही.

८. शेवटी प्रत्येकाने एकट्याने, कार्डं झाकून, तीन ओळी लिहायच्या: नियम काय, कोणत्या कार्डाने अडवलं, आणि का. (५ मिनिटं)

वाटणं-गोळा करणं धरून तास संपतो. वेळ कमी पडत असेल तर कार्डं कमी करा, आठवी पायरी कापू नका. गटाचं उत्तर बरोबर असणं आणि गटातल्या प्रत्येकाला ते कळलेलं असणं यात बरंच अंतर असतं, आणि ते फक्त या तीन ओळींत दिसतं.

गटांमधून फिरताना सगळी कार्डं तपासत बसू नका. अडवणारी तीन कुठे आहेत तेवढंच पाहा; तीन नजरांत एका गटाची स्थिती कळते. चुकीचं कार्ड दिसलं तरी ते स्वतः हलवू नका, बोटही दाखवू नका. शिक्षकाचं बोट गेलं की ते कार्ड चुकलंय हे मुलांना कळतं आणि कारणाशिवाय हलवलं जातं. त्यापेक्षा योग्य जागी असलेलं एक आणि चुकलेलं एक अशी दोन कार्डं निवडून ‘ही दोन वेगळ्या गटांत का?’ असं विचारा. बरोबर असलेल्या कार्डांबद्दलही अधूनमधून विचारत राहा, नाहीतर ‘बाईंनी विचारलं म्हणजे चुकलं’ हा नियम वर्ग दोन तासांत शिकतो.

लवकर संपवलेल्या गटाला नवा संच देऊ नका. दोन कोरी कार्डं द्या आणि सांगा: शेजारच्या गटाला अडवेल असं कार्ड लिहा. हे काम कार्डं लावण्यापेक्षा अवघड आहे.

मथळे न देता, आणि दोन निकष एकाच वेळी

मुक्त वर्गीकरणासाठी तोच संच मथळ्यांशिवाय द्या. दोन बंधनं पुरतात: ‘इतर’ नावाचा गट करायचा नाही, आणि प्रत्येक गटाचं नाव वाक्यात सांगायचं, जसं ‘यांत नवा पदार्थ तयार होतो’. पहिल्यांदा मुलं वरवरचे गट पाडतात: घरात होणारे बदल, बाहेर होणारे बदल. पाडू द्या. मग म्हणा, ‘आता हीच कार्डं अगदी वेगळ्या नियमाने लावा.’ दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत विषयाला धरून असलेले नियम येऊ लागतात. मथळे झाकून शेजारच्या गटाला नियम ओळखायला लावलं तर अजून रंगत येते.

लहान वर्गांत कार्डांऐवजी वस्तू घ्या: बटणं, पानं, शंख, झाकणं. पुठ्ठ्याचे तुकडे कापायचे असतील तर ४ आकार, ३ रंग, २ मापं असा २४ तुकड्यांचा संच वर्षभर पुरतो. पाच-सहा वर्षांची मुलं एक गुणधर्म धरून सुरुवात करतात आणि मध्येच दुसरा धरतात: लाल, लाल, लाल गोल, निळा गोल. हे चूक म्हणून थांबवण्यापेक्षा शेवटी विचारा, ‘हा निळा इथे कसा आला?’ बहुतेक वेळा मूल स्वतःच पाहून पुन्हा लावतं.

दोन निकष एकदम वापरायचे तर दोन बाय दोनचा तक्ता आखा. भूमितीत हे फार कामाचं ठरतं. एका बाजूला ‘चारही बाजू समान: हो / नाही’, दुसऱ्या बाजूला ‘चारही कोन काटकोन: हो / नाही’. समभुज चौकोन, आयत, समांतरभुज चौकोन, समलंब चौकोन यांच्या जागा पटकन सापडतात. चौरस ‘हो-हो’च्या घरात जातो, आणि ‘चौरस हा आयत आहे का?’ या न संपणाऱ्या वादाला प्रथमच बघण्यासारखं उत्तर मिळतं: आयताची अट तो पूर्ण करतो, शिवाय आणखी एक. आकृत्या मात्र तिरप्या, उलट्या काढा. आडवा चौरस थोडा फिरवला की काही मुलं त्याला पतंग म्हणू लागतात, आणि ते वेळीच कळलेलं बरं.

जॉन व्हेन यांनी १८८० मध्ये मांडलेली वेन आकृतीही अशीच वापरता येते. जमिनीवर खडूने एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं काढा. पण मुलं वर्तुळांच्या बाहेरची जागा विसरतात, म्हणून भोवती चौकट काढा आणि बाहेर जाणारी निदान दोन कार्डं संचात ठेवा. एखादी जागा रिकामी राहील अशी जोडीही मुद्दाम द्या. ‘मूळ संख्या’ आणि ‘वर्ग संख्या’ ही वर्तुळं घेतली तर मधल्या भागात काहीच येत नाही. मुलं अस्वस्थ होऊन संख्या शोधत राहतात, आणि तिथेच प्रश्न टाकायचा: ‘कधीच का येणार नाही?’

क्रमवारी: फक्त क्रम नाही, अंतरही

संख्यांचा एक छोटा संच: ०.०७५, ५/८, २/३, ०.७, ७२%, ३/४, ४/५. चढता क्रम हाच आहे, पण मुलांना तो पिसून द्यायचा. दशांश जितका लांब तितकी संख्या मोठी अशी समजूत असणारं मूल ०.०७५ ला ०.७ च्या पुढे ठेवतं. छेद मोठा म्हणून संख्या लहान असं मानणारं ५/८ ला सर्वात मागे टाकतं. म्हणजे कोणतं कार्ड कुठे पडलं यावरून कोणती समजूत आड आली ते कळतं.

क्रम लागल्यावर थांबू नका. २ मीटर दोरी भिंतीला ताणून बांधा, एक टोक ०, दुसरं १, आणि कार्डं चिमट्यांनी टांगायला सांगा. आता अंतरही ठरवावं लागतं: ०.०७५ शून्यापासून १५ सेंटिमीटरवर, ५/८ हे १२५ वर, २/३ साधारण १३३ वर, ०.७ हे १४० वर, ७२% हे १४४ वर, ३/४ हे १५० वर, ४/५ हे १६० वर. शेजारच्या दोन कार्डांत ४ सेंटिमीटरच जागा उरते, त्यामुळे नेहमीच्या मापाची कार्डं एकमेकांवर चढतात. ३ सेंटिमीटर रुंदीच्या उभ्या पट्ट्या कापा. नंतर ०.७५० लिहिलेली पट्टी द्या. ती ३/४ च्याच चिमट्याला खाली लटकवायला हवी हे कुणाच्या लक्षात येतं ते पाहा.

काळाच्या क्रमवारीत अंतर जास्तच महत्त्वाचं. पृथ्वीच्या इतिहासासाठी ४.६ मीटर लांब कागदी पट्टी घ्या. १ मिलिमीटर म्हणजे १० लाख वर्षं. एक टोक पृथ्वीचा जन्म, दुसरं टोक आज. आजच्या टोकापासून मोजत गेलं तर डायनासोरांचा अंत ६.६ सेंटिमीटरवर येतो, त्यांची सुरुवात साधारण २३ वर, जमिनीवरच्या वनस्पती साधारण ४७ वर, आणि सजीवांचे खूप जुने पुरावे जवळजवळ साडेतीन मीटरवर. आधुनिक माणसाची सुमारे ३ लाख वर्षं दाखवायला पेन्सिलची रेघही जाड पडते. अंदाजाने कार्डं आधी ठेवू द्या, मोजपट्टी नंतर द्या. आधीच मोजपट्टी दिली तर ते केवळ मोजमापाचं काम होतं.

वाक्यांतून परिच्छेद लावताना ७ ते ९ वाक्यं पुरेत. ‘म्हणून’, ‘मात्र’, ‘त्यामुळे’, ‘शेवटी’ हे शब्द आधी काढून टाका आणि मुलांना फक्त अर्थावरून क्रम लावू द्या. मग तेच शब्द छोट्या चिठ्ठ्यांवर देऊन योग्य जागी बसवायला सांगा. एकाहून अधिक क्रम पटण्याजोगे निघतात. उत्तरपत्रिका एकच धरून बसलेला शिक्षक इथे हमखास अडचणीत येतो, म्हणून वाटण्याआधी संच एखाद्या सहकाऱ्याला लावायला द्या. त्यांचा क्रम वेगळा आला आणि वाचायला ठीक वाटला, तर तोही बरोबर धरायचा.

मतांच्या क्रमवारीसाठी नऊ कार्डांचा हिरा वापरा: वर १, खाली २, मग ३, मग २, शेवटी १. पहिल्यापासून नवव्यापर्यंत सरळ ओळ मागितली तर पाचवं की सहावं यावर वेळ जातो, ज्यात शिकण्यासारखं काही नसतं. हिऱ्यात मधली तीन समान, त्यामुळे भांडण वरच्या आणि खालच्या टोकावर होतं. उदाहरणार्थ, नवी वस्ती वसवायला जागा निवडताना काय महत्त्वाचं: गोडं पाणी, सुपीक माती, सपाट जमीन, पुरापासून उंची, लाकूड, खनिजं, बंदर, रस्त्यांची सोय, संरक्षण. गटाने हिरा लावला की परिस्थिती बदला: वस्ती ५०० जणांची नाही, ५ लाखांची आहे. कोणती कार्डं हलली आणि का, याची चर्चा पहिल्या मांडणीपेक्षा चांगली होते.

संचातून एक कार्ड मुद्दाम काढून ठेवणं हीही जुनी, भरवशाची युक्ती. पहिल्या १८ मूलद्रव्यांची कार्डं करा, प्रत्येकावर अणुवस्तुमान, संयुजा आणि अवस्था, नाव नको. एक कार्ड काढून घ्या आणि तक्ता लावायला सांगा. रिकामी जागा सापडली की तिथल्या मूलद्रव्याचे गुणधर्म मुलांनीच लिहायचे. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ च्या आवर्तसारणीत, म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्यात, अशाच जागा मोकळ्या सोडल्या होत्या. त्यातल्या दोन जागांवर बसणारी मूलद्रव्यं नंतर सापडली: गॅलियम १८७५ मध्ये आणि जर्मेनियम १८८६ मध्ये. ही माहिती उपक्रमानंतर सांगा, आधी सांगितली तर मुलं कोडं न सोडवता गोष्ट ऐकतात.

उभं राहून क्रम

प्रत्येकाच्या हातात एक कार्ड आणि सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं, हा प्रकार ८ ते १० मुलांपर्यंत ठीक चालतो. त्यापुढे शेवटच्या मुलाला पहिलं कार्ड दिसत नाही आणि धक्काबुक्की वाढते. मोठ्या वर्गात ८ जणांना पुढे बोलवा. बाकीच्यांनी ‘अमुकची जागा तमुकशी बदला’ असं सुचवायचं, कारणासकट, एका वेळी एकच अदलाबदल.

चौघांसाठी एक सुंदर रचना आहे. जमिनीवर एका ओळीत चार जागा आखा, प्रत्येकाच्या हातात एक संख्या. पहिल्या फेरीत जागा १ व २ वरचे आणि ३ व ४ वरचे आपापल्या संख्या ताडून पाहतात. लहान डावीकडे, मोठी उजवीकडे. दुसऱ्या फेरीत १ व ३, तसंच २ व ४. तिसऱ्या फेरीत फक्त २ व ३. या पाच तुलनांत संख्या कशाही क्रमाने सुरू झाल्या तरी ओळ चढत्या क्रमाने लागते. मग शेवटची तुलना गाळून १, ४, २, ३ ने सुरू करून पाहा. १, ३, २, ४ असं अडकतं. संख्यांऐवजी अपूर्णांक, शब्द किंवा घटनांची वर्षं देता येतात.

खूप मोठा वर्ग, हलत नाहीत असे बाक

तिथे जोड्या करा आणि ८ कार्डं द्या. १२ कार्डं एका बाकावर मावत नाहीत आणि खाली पडतात. शेजारच्या गटाकडे जाण्याऐवजी पुढच्या बाकावरच्या जोडीने मागे वळायचं. तीन अडवणारी कार्डं मोठ्या अक्षरांत फळ्यावर लावा आणि हात वर करून मोजणी घ्या. मोजणी चर्चेच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, दोन्ही आकडे फळ्यावर राहू द्या.

तपासणी

वर्गीकरणाला गुण द्यायचेच असतील तर मांडणीला देऊ नका, कारणाला द्या. क्रमवारीत आणखी एक अडचण असते. बरोबर क्रम क, ख, ग, घ, च असा आहे आणि मुलाने ख, ग, घ, च, क असा लावला. जागेनुसार तपासलं तर पाचपैकी शून्य, पण प्रत्यक्षात एकच कार्ड चुकलं आहे. म्हणून शेजारच्या जोड्या मोजा: क-ख, ख-ग, ग-घ, घ-च या चारपैकी तीन जोड्या मुलाच्या ओळीत जशाच्या तशा आहेत, म्हणजे चारपैकी तीन गुण.

तास संपताना मांडणीचा फोटो काढता आला तर पुढच्या तासाला सुरुवात तिथून करता येते. नाहीतर अडवणारी तीन कार्डं किती गटांनी कुठे ठेवली याची नोंद पुरे. कार्डं पाकिटात घालण्याआधी मुलांनीच मोजायची, आणि पाकिटावर संचाची खूण व कार्डांची संख्या मोठ्या अक्षरात लिहिलेली हवी. पाकिटाच्या आत शिक्षकासाठी एक चिठ्ठी ठेवा: कोणत्या कार्डावर वाद झाला नाही. पुढच्या वेळी आधी तीच कार्डं बदलायची असतात.